कुरणाखालचे गाव: इंग्लंडमधील मध्ययुगीन वस्तीच्या मातीतल्या खुणा कशा ओळखाव्यात

मेंढ्यांच्या कुरणात चार उंचवटे दिसतात, संगणकावरच्या लायडार चित्रात (विमानातून लेसरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीच्या चित्रात) एक चौकोन उमटतो आणि त्याच संध्याकाळी 'प्लेगने उजाडलेले गाव सापडले' असा निष्कर्ष काढला जातो. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यासाठी स्वतंत्र लेख लिहिणे आवश्यक वाटले. ती करणारे लोक बहुधा उत्साही आणि प्रामाणिक असतात. त्यांचा क्रम मात्र उलटा असतो, कारण नाव आधी ठरते आणि पुरावा नंतर गोळा होतो. इंग्लंडमध्ये ३,०००च्या आसपास उजाड मध्ययुगीन गावांची नोंद झालेली आहे आणि संकोचलेल्या किंवा सरकलेल्या वस्त्या त्याहून वेगळ्या आहेत. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी लेस्टरशायर, नॉर्थॅम्प्टनशायर किंवा लिंकनशायरच्या पायवाटांनी चालणाऱ्या कोणालाही अशी जागा दिसणे सहज शक्य आहे. ती ओळखताना पुढील टप्पे त्याच क्रमाने पार पाडावेत.

## सुरुवातीला शब्द आणि अपेक्षा नीट कराव्यात

आपल्याकडे जुन्या वस्तीची जागा म्हटली की पांढरीचे टेकाड डोळ्यांसमोर येते, म्हणजे घरांची माती, राख आणि शेणामातीचे थर साचून शिवारात उंच झालेली जागा. ही अपेक्षा इंग्लंडमध्ये घेऊन गेल्यास हमखास फसगत होते. तिथली सामान्य शेतकऱ्याची मध्ययुगीन घरे लाकूड, कूड-माती आणि गवती छपराची असत, काही भागांत दगडी पायाची असत, आणि त्यांच्या मागे उंच टेकाड क्वचितच उरते. खुणांची उंची बहुधा अर्ध्या मीटरच्या आतच असते आणि सर्वांत ठळक खूण पुष्कळदा उंचवट्याची नसून खळग्याची असते.

तो खळगा म्हणजे हॉलोवे, अर्थात पावले, चाके, गुरे आणि पावसाचे पाणी यांनी शतकानुशतके झिजून खोल गेलेली गावातली वाट. तिची रुंदी साधारण पाच ते दहा मीटर असते आणि खोली काही ठिकाणी एक-दोन मीटरपर्यंत जाते. वाटेच्या कडेने बांध घातलेले घराचे आवार असते, त्याला टॉफ्ट म्हणतात, आणि त्याच्या मागचे परडे म्हणजे क्रॉफ्ट. टॉफ्टमध्ये वाटेजवळ घराच्या जोत्याची सपाट जागा असते. घर साधारण दहा ते पंधरा मीटर लांब आणि पाचेक मीटर रुंद असल्याने सपाटीही त्याच मापाची असते. क्रॉफ्टच्या पलीकडे शेते, आणि त्यांत आपल्या सरी-वरंब्यासारख्या, पण कितीतरी रुंद, मातीच्या लाटा. आपण गावाच्या जमिनीची काळी आणि पांढरी अशी विभागणी करतो. इथेही तोच भेद शोधायचा आहे, कारण वस्ती कोठे संपली आणि शेत कोठे सुरू झाले हे दाखवता आले तरच गावाचा दावा उभा राहतो.

इशारा: एकट्या आकारावरून काहीही ठरत नाही. एक चौकोन गोठा असू शकतो, एक खळगा खाणीचा असू शकतो. वाट, आवार, जोते आणि शेत यांचा परस्परसंबंध दिसेपर्यंत 'गाव' हा शब्द वहीत लिहू नये.

## तयारी: ऋतू, परवानगी, साधने आणि नजर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. गवत चरून खाली आलेले असते, झुडपांची पाने गळलेली असतात आणि सूर्य खाली असतो. मध्य इंग्लंडमध्ये डिसेंबरच्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे १४ अंशांवरच राहतो, त्यामुळे वीतभर उंचीच्या बांधाचीही सावली पडते. जून महिन्यात त्याच कुरणातून डोक्यावरच्या उन्हात चालणाऱ्याला काहीच दिसत नाही आणि तो 'येथे काही नाही' अशी नोंद करून जातो. हलका बर्फ किंवा दहिवर पडल्यावर खळग्यांत ते उशिरापर्यंत टिकते, म्हणून तशी सकाळ वाया घालवू नये.

परवानगीचा प्रश्न टाळता येत नाही. अशा बहुतेक जागा खासगी शेतजमिनीत आहेत. सार्वजनिक पायवाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांना आहे, पण तो हक्क त्या वाटेपुरताच असतो; वाट सोडून कुरणात शिरायचे असेल तर मालकाला किंवा कसणाऱ्याला आधी विचारावे. २०००च्या कायद्याने खुल्या झालेल्या माळरानांवर फिरता येते, पण मध्य इंग्लंडातली चराऊ कुरणे बहुधा त्यांत मोडत नाहीत. मेंढ्या विण्याच्या काळात असतील तर परवानगी असूनही दुसरा दिवस निवडावा.

साधने थोडीच लागतात: ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा, होकायंत्र, ३० मीटरची टेप, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी, पेन्सिल, आलेखाचा कागद आणि फोन. मोकळ्या कुरणातही फोनवरच्या स्थानात चार-पाच मीटरची चूक गृहीत धरावी. जोतेच पाच मीटर रुंद असते, तेव्हा फोनवर विसंबून आराखडा काढल्यास तो निरुपयोगी होतो.

सर्वांत दुर्लक्षित तयारी नजरेची असते. संशयित जागेवर जाण्यापूर्वी निर्विवाद जागा किमान दोन पाहाव्यात. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी येथे इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० या काळात उत्खनने झाली. तिथे टॉफ्टच्या ओळी, वाट आणि पडके चर्च यांचे नाते एकाच फेरीत समजते. लिंकनशायरमधील गेन्सथॉर्प ही जागा १९२५ साली पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांच्या हवाई छायाचित्रामुळे प्रकाशात आली आणि तिथे गवताखालच्या बांधांच्या रेघा अजून स्पष्ट आहेत. डार्टमूरवरील हाउंड टॉर येथे घरांच्या दगडी भिंती उघड्यावर आहेत, म्हणून ती जागा पाहायला सोपी असली तरी मध्य इंग्लंडातली मातीची खूण वाचायला तिचा उपयोग कमी होतो. मी नवख्या माणसाला आधी गेन्सथॉर्पला पाठवीन.

## टप्पा १: आधी झालेल्या नोंदी पाहाव्यात

प्रत्येक काउंटीकडे (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) किंवा स्थानिक प्रशासनाकडे हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्ड नावाची नोंदवही असते. त्यांतल्या अनेक 'हेरिटेज गेटवे' या संकेतस्थळावर एकत्र शोधता येतात. जागा संरक्षित स्मारक आहे का हे 'नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड'मध्ये पाहावे. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेने हवाई छायाचित्रांवरून केलेले नकाशाकाम काही भागांसाठी खुले आहे, तेही तपासावे.

आपला 'शोध' १९६०च्या दशकातच नोंदवलेला निघाला म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. जुन्या नोंदी अनेकदा एका ओळीच्या असतात, आणि तिथे आज काय उरले आहे, कोणता भाग नांगराखाली गेला, एवढे सांगणेही उपयुक्त ठरते.

इशारा: जागा संरक्षित असेल तर १९७९च्या प्राचीन स्मारके कायद्यानुसार परवानगीवाचून तिथे मेटल डिटेक्टर वापरणे गुन्हा आहे, आणि खणणे किंवा जमिनीला धक्का लावणे हाही गुन्हा आहे. या लेखातील कोणत्याही टप्प्यात खुरपेसुद्धा लागत नाही.

## टप्पा २: नकाशे आजपासून मागे वाचावेत

सुरुवात आजच्या नकाशापासून करावी आणि एकेक थर मागे जावे. ऑर्डनन्स सर्व्हेचे एकोणिसाव्या शतकातील सहा इंची आणि पंचवीस इंची नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात आणि आजच्या चित्राशेजारी ठेवता येतात. या टप्प्याचा पहिला उद्देश नकारात्मक आहे: आपल्या खुणा १८८० साली उभ्या असलेल्या गोठ्याच्या, वीटभट्टीच्या, खडीच्या खाणीच्या किंवा बंद पडलेल्या रेल्वेच्या तर नाहीत ना, हे पाहायचे असते. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक शंका इथेच मिटतात.

त्यानंतर टाइद नकाशे पाहावेत. टाइद म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देण्याचा कर. १८३६च्या कायद्यानंतर ते तयार झाले आणि त्यांसोबतच्या यादीत प्रत्येक शेताचे नाव, मालक, कसणारा आणि जमिनीचा वापर असतो. 'टाउन क्लोज', 'ओल्ड टाउन', 'चॅपल यार्ड', 'हॉल क्लोज' अशी शेतनावे वस्तीकडे बोट दाखवतात. मात्र 'चर्च फील्ड' हे नाव केवळ त्या शेताचे उत्पन्न चर्चकडे जात असल्यामुळेही पडलेले असते.

मध्य इंग्लंडातल्या अनेक पॅरिशांना (एकेका चर्चच्या हद्दीतील क्षेत्रांना) टाइद नकाशाच नाही, कारण तिथे हा कर आधीच्या एन्क्लोजरच्या, म्हणजे गावाची सामाईक उघडी शेती खासगी बंदिस्त शेतांत वाटण्याच्या, वेळी जमीन देऊन मिटवला गेला होता. अशा ठिकाणी एन्क्लोजरचे निवाडे आणि नकाशे काउंटीच्या अभिलेखागारात शोधावेत. या नकाशांत एखादा भाग 'जुने बंदिस्त शेत' म्हणून कोरा सोडलेला दिसतो. नवखा माणूस त्या कोऱ्या भागाकडे दुर्लक्ष करतो. जाणता तिथेच थांबतो. अठराव्या शतकात भोवतालची सारी उघडी शेती वाटली जात असताना हा तुकडा आधीच बंदिस्त होता, याचा अर्थ तिथली गावशेती फार पूर्वी मोडली गेली असण्याची शक्यता आहे.

तपासणी: नकाशावर तीन-चार पायवाटा मोकळ्या शेतात एका बिंदूवर येऊन मिळतात का? पॅरिशची सीमा एखाद्या छोट्या, गावाविना असलेल्या क्षेत्राभोवती फिरते का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर पुढे जाण्यास सबळ कारण आहे.

## टप्पा ३: लायडार चित्र, पण संशयाने

एन्व्हायर्नमेंट एजन्सीची लायडार मोजणी २०१५पासून विनामूल्य खुली आहे आणि आज जवळपास सर्व इंग्लंडसाठी एक मीटर अंतरावरचे उंचीचे आकडे मिळतात. यात दोन प्रकार असतात. झाडे आणि इमारती काढून टाकलेला जमिनीचा पृष्ठभाग आपल्या कामाचा असतो. दुसऱ्या प्रकारात छपरे आणि झाडांचे शेंडेही असतात. पहिल्यावर काम करावे, पण शंका आली की दुसरा उघडून तिथे गोठा, झुडूप किंवा चाऱ्याचे ढीग तर नव्हते ना, हे पाहावे.

क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रणालीत उठाव दाखवणारे छायांकित चित्र (हिलशेड) काढताना, सेटिंग बदलले नाही तर, प्रकाश बहुधा वायव्येकडून, म्हणजे ३१५ अंशांच्या आसपास, येतो असे धरलेले असते. प्रकाशाला समांतर असलेले बांध त्यात अदृश्य होतात. म्हणून तेच चित्र ४५ अंशांवरून पुन्हा काढावे आणि दोन्हींची तुलना करावी. प्रकाश खालच्या बाजूने दिल्यास डोळा खळग्यांना उंचवटे समजतो. याला उपाय एकच: संशयित खुणेवरून आडवा छेद काढून उंचीचे आकडे वाचावेत. चित्र फसवते, आकडा सांगतो की तो खळगा ६० सेंटिमीटर आहे की १० सेंटिमीटर.

सरी-वरंब्याच्या बाबतीत एक खास फसवणूक आहे. विमानाच्या शेजारच्या फेऱ्या नीट जुळल्या नाहीत तर चित्रावर कॉर्डरॉय कापडासारख्या समांतर रेघा उमटतात. खऱ्या वरंब्यांच्या ओळी शेताच्या तुकड्यांनुसार दिशा बदलतात आणि तुकड्याच्या टोकाला थांबतात. यंत्राच्या रेघा मात्र रस्ता, ओढा आणि कुंपण यांची पर्वा न करता सरळ पुढे जातात.

## टप्पा ४: कागदावर गाव होते का

१०८६च्या डोम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेल्या जमीन-मोजणीच्या नोंदीत, नाव मिळाले की अनेकांचे समाधान होते, पण त्यात दोन अडचणी आहेत. तिथली नोंद मुख्यतः जहागिरीची असते, एका जागी दाटलेल्या गावाची असतेच असे नाही. आणि तिथे मोजलेली माणसे बहुधा कुटुंबप्रमुख आहेत, एकूण लोकसंख्या नव्हे. शिवाय नॉर्थंबरलँड आणि डरम या काउंट्या त्या मोजणीत नाहीत, म्हणून तिथे नाव न मिळणे निरर्थक आहे.

पुढे १३३४च्या करआकारणीत गावागावाची रक्कम मिळते आणि १३७७च्या पोल टॅक्समध्ये (माणशी करात) चौदा वर्षांवरील करदात्यांची संख्या मिळते. १४२८च्या करात दहांपेक्षा कमी घरे असलेल्या पॅरिशांना सूट होती, त्यामुळे त्या यादीतले नाव म्हणजे आकसत चाललेल्या वस्तीचा चांगला पुरावा होतो. या तीन-चार नोंदी एकाखाली एक मांडल्या तर गाव कधीपर्यंत होते आणि कधी ओसरू लागले याचा अंदाज येतो.

येथेच प्लेगची गोष्ट तपासावी. १३४८-४९च्या साथीने माणसे मोठ्या संख्येने मेली, पण गावे एका फटक्यात कायमची ओस पडली असे क्वचितच झाले. व्हॅरम पर्सी साथीनंतरही दीडशेच्या आसपास वर्षे नांदत होते. शेवटची कुटुंबे १५००च्या सुमारास मेंढपाळीसाठी उठवली गेली. काही गावे तर मध्ययुग संपल्यावर हलवली गेली: ऑक्सफर्डशायरमधील न्यूनम कोर्टनी १७६०च्या दशकात जहागीरदाराच्या उद्यानासाठी हलवले गेले, डॉर्सेटमधील मिल्टन ॲबसचेही पुढे तेच झाले. म्हणून साथीचा उल्लेख कागदात मिळाल्याशिवाय अहवालात करू नये.

आपल्याकडच्या महसुली दप्तरांत वस्ती उरली नाही अशा गावाला बेचिराग मौजे म्हणत, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. त्याचे नाव, सीमा आणि सारा मात्र कागदावर चालू राहत. इंग्लंडमध्येही घरे गेल्यानंतर गावाचे नाव करयादीत आणि पॅरिशच्या सीमेत बराच काळ टिकलेले आढळते. त्यामुळे यादीतले नाव जिवंत गावाचे आहे की उरलेल्या कराचे, हे दरवेळी तपासावे लागते.

## टप्पा ५: शिवारात चालण्याचा क्रम

थेट सर्वांत उंच दिसणाऱ्या जागी जाऊन उभे राहणे ही नेहमीची चूक. त्याऐवजी पुढील क्रम ठेवावा.

प्रथम बाहेरून, कुंपणाच्या कडेने किंवा समोरच्या उतारावरून, संपूर्ण जागा पाहावी आणि काहीही मोजू नये. सूर्य, पाठ आणि खूण एका रेषेत येतील असे उभे राहिल्यास सावल्या लपतात. सूर्याच्या काहीसे समोर, तिरपे उभे राहिल्यास त्या उघड होतात.

नंतर वाट शोधावी. हॉलोवेचा तळ बऱ्यापैकी सपाट असतो, ती कोठून तरी येते आणि कोठे तरी जाते. तिची दोन्ही टोके गाठावीत: एक टोक आजच्या पायवाटेला, चर्चला, ओढ्याच्या उताराला किंवा शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला मिळाले तर ती वाट असण्याची शक्यता वाढते. दोन्ही टोके अधांतरी राहिली तर पाण्याचा जुना पाट, चर किंवा नैसर्गिक घळ यांचा विचार करावा.

वाट पक्की झाल्यावर तिच्या तळातून चालत दोन्ही बाजूंच्या कडांकडे पाहावे. वाटेला काटकोनात येणारे, साधारण सारख्या अंतरावरचे कमी उंचीचे बांध म्हणजे टॉफ्टच्या हद्दी असू शकतात. अंतर पावलांनी मोजावे आणि लिहावे. पंधरा ते पंचवीस मीटरची पुनरावृत्ती पाच-सहा वेळा मिळाली तर मी पहिल्यांदा वहीत 'संभाव्य वस्ती' असे लिहितो. त्यापूर्वी लिहीत नाही, कारण एकदा लिहिलेला शब्द पुढची प्रत्येक खूण त्याच्याच बाजूने वाचायला लावतो.

मग टॉफ्टच्या आत, वाटेकडच्या भागात जोत्याची सपाटी पाहावी. उतारावर ही सपाटी एका बाजूने कोरलेली आणि दुसऱ्या बाजूने भर घातलेली असते. दगडी पाया असल्यास पायाखाली तो जाणवतो आणि खाजकुयलीसारखी खाजणारी नेटल ही वनस्पती तिथे दाट उगवलेली दिसू शकते. तिला फॉस्फेटयुक्त माती मानवते. पण मेंढ्या रात्री बसतात तिथेही ती येते, म्हणून तिला दुय्यम खूण मानावे.

शेवटी क्रॉफ्टच्या मागच्या बांधापर्यंत जावे आणि त्यापलीकडे सरी-वरंबा सुरू होतो का हे पाहावे. मध्ययुगीन वरंबे बहुधा रुंद असतात, पाच ते दहा मीटर किंवा अधिक, आणि वरून पाहिले असता त्यांची रेघ उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखी सौम्य वळते. आठ बैलांपर्यंतचे लांब औत शेताच्या टोकाला वळवताना ते आधीपासूनच डावीकडे घ्यावे लागे, त्याचे ते वळण आहे. घरी सहा-आठ बैलांच्या जड नांगराच्या आठवणी ऐकलेल्या माणसाला हे कारण समजावून सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकातील वरंबे अरुंद आणि पट्टीने आखल्यासारखे सरळ असतात.

तपासणी: वाट, आवारांची ओळ, जोती आणि शेतीची कड, या चारांपैकी किमान तीन एकमेकांशी जुळलेल्या स्थितीत दिसल्या का? दिसल्या नसतील तर थांबून पुढच्या टप्प्यातील यादी प्रत्येक खुणेला लावावी.

## टप्पा ६: दुसरे काय असू शकते

हा टप्पा सर्वांत अधिक वेळा वगळला जातो, आणि माझ्या मते सर्वांत अधिक वेळ याच टप्प्याला द्यायला हवा. प्रत्येक खुणेसाठी निदान दोन प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणे लिहून ती का बाद होतात हे नोंदवावे.

नदीकाठच्या सपाट कुरणात दिसणारे वरंबे पुष्कळदा शेतीचे नसतात. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत लवकर गवत यावे म्हणून कुरणांवर पाणी खेळवले जाई, त्यासाठी वरंब्यांच्या माथ्यावरून बारीक पाट काढलेले असत. मीही सुरुवातीला अशा कुरणाला नांगरलेले शेत समजलो होतो. माथ्यावर चर आहे का आणि पाणी आत येण्याची व बाहेर जाण्याची वेगळी वाट आहे का, या दोन प्रश्नांनी हा घोळ सुटतो.

मोठ्या वाड्याजवळच्या सरळ, समप्रमाणातल्या ओट्या आणि तळी बहुधा सोळाव्या-सतराव्या शतकातील बागेच्या असतात. त्यांची भूमिती गावापेक्षा काटेकोर असते आणि त्या वाड्याच्या दर्शनी बाजूशी जुळतात. काही ठिकाणी बाग उजाड गावावरच उभारलेली असते, तेव्हा दोन्ही खरे असते.

दुसऱ्या महायुद्धातील तळांची झोपडी-जोती तर मापाने फसवी असतात. ती एकसारख्या आकाराची, समान अंतरावर आणि अनेकदा काँक्रीटचे तुकडे असलेली असतात. १९४०च्या दशकातील रॉयल एअर फोर्सची उभी छायाचित्रे पाहिल्यास शंका फिटते.

मार्ल या चुनायुक्त मातीच्या किंवा चिकणमातीच्या खाणी, विमानातून पडलेल्या बॉम्बचे गोल खड्डे, सशांच्या जोपासनेसाठी केलेले लांबट ढिगारे, पवनचक्कीचा गोल उंचवटा, नव्या पाइपलाइनची सरळ रेघ, उतारावर मेंढ्यांनी आणि मातीच्या घसरणीने झालेल्या बारीक पायऱ्या: ही यादी सोबत ठेवावी. लोहयुगीन आणि रोमन काळातील वस्त्यांचीही आवारे असतात. त्यांत गोल घरांच्या जागा किंवा वेगळ्या धाटणीची कुंपणे दिसतात, पण पृष्ठभागावरून काळ निश्चित सांगता येत नाही.

इशारा: शेतात एकटे उभे चर्च म्हणजे उजाड गाव, हा नियम नाही. नॉर्फकमध्ये वस्ती मुळातच विखुरलेली होती आणि पुढे ती सामाईक गवताळ जमिनींच्या कडेला सरकली. तिथे चर्च एकटे असणे स्वाभाविक आहे. पूर्वेकडे, पश्चिमेकडे आणि डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये दाट गावाऐवजी वाड्या-पाड्यांची अपेक्षा ठेवावी.

## टप्पा ७: कोण कोणाला छेदते

जिथे दोन खुणा एकमेकींना भिडतात त्या जागा या कामातल्या सर्वांत मोलाच्या असतात. वरंबे टॉफ्टच्या बांधावरून पार निघून गेले असतील तर वस्ती उठल्यावर तिथे नांगर फिरला. टॉफ्टची आवारे वरंब्याच्या वळणात तंतोतंत बसलेली असतील तर शेतावर नंतर वस्ती वाढली असू शकते. आजचे झुडपी कुंपण वरंब्यांच्या आडवे जात असेल आणि वरंबे त्याच्याखालून सलग पुढे चालू राहत असतील, तर कुंपण नंतरचे.

अशा प्रत्येक भेटीच्या जागी 'अ हे ब-ला छेदते' असे एक वाक्य लिहावे आणि वर्ष लिहू नये. आधी-नंतर हे जमीन सांगते. साल कागद किंवा उत्खनन सांगते.

## टप्पा ८: आराखडा, भाषा आणि नोंद

उताररेषांचा आराखडा काढताना रेघेचे जाड टोक उताराच्या माथ्याकडे आणि निमुळते टोक पायथ्याकडे ठेवतात. उतार तीव्र असेल तर रेघा जवळजवळ येतात. कुंपणाचे दोन पक्के कोपरे आधाररेषा म्हणून घ्यावेत, टेप पसरून तिच्यापासून काटकोनात मापे घ्यावीत आणि आराखडा जागेवरच पूर्ण करावा, कारण घरी आल्यावर स्मरणातून काढलेला बांध नेहमी सरळ होतो. छायाचित्रात मोजकाठी असावी आणि दिशा, तारीख, वेळ आणि प्रकाश यांची नोंद असावी.

उंदीर-चिचुंद्रीने उकरलेल्या मातीत खापरे दिसली तर ती उचलू नयेत. वस्तू जमीनमालकाची असते आणि जागा संरक्षित असू शकते. छायाचित्र आणि स्थान नोंदवून मालकाला सांगावे. पुढे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे (लोकांना सापडलेल्या पुरातन वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचे) स्थानिक अधिकारी मार्गदर्शन करतात.

लेखी अहवालात 'शक्य', 'संभाव्य' आणि 'निश्चित' हे तीन शब्द वेगळ्या अर्थांनी वापरावेत. केवळ आकार दिसत असेल तर शक्य. वाट, आवारे आणि शेतीची कड जुळत असेल तर संभाव्य. कागदावरचे नाव, जुन्या नकाशाचा आधार आणि जमिनीवरची रचना हे तिन्ही एकाच जागेवर येत असतील तरच निश्चित, आणि तेव्हाही काळाबद्दलचे वाक्य वेगळे लिहावे. बाद केलेली स्पष्टीकरणे अहवालातून काढून टाकू नयेत. नोंदवही सांभाळणाऱ्याला आपला विचार कोठे टिकतो आणि कोठे डळमळतो हे त्यांवरूनच कळते.

हे सर्व, आठ आकडी ग्रिड संदर्भासह (त्याने जागा दहा मीटरपर्यंत सांगता येते) आणि मालकाच्या परवानगीच्या उल्लेखासह, त्या काउंटीच्या नोंदवहीकडे पाठवावे. संरक्षण नसलेल्या जागेचे नेमके स्थान समाजमाध्यमांवर टाकू नये. रात्री मेटल डिटेक्टर घेऊन चोरून खणणारे लोक अशाच माहितीच्या शोधात असतात. उत्तर यायला काही महिने लागू शकतात. तोवर त्याच जागेवर जुलैतल्या कोरड्या आठवड्यात आणखी एकदा जाऊन यावे, कारण उन्हाळा कडक असेल तर दगडी पायावरचे गवत आधी पिवळे पडते आणि हिवाळ्यात सावलीने न दाखवलेली एखादी भिंत तेव्हा आराखड्यात भरता येते.